तक्रार नाही म्हणजे त्रास नाही, असं नव्हे

आजचा विषय ऐकून तुमच्यातली एखादी म्हणेल, हे शहराचं दुखणं, ते आपल्या गावात कशाला? विषय आहे शहरातल्या लोकांच्या गोंगाटाबद्दलच्या तक्रारी. कोण तक्रार करतं, कशाबद्दल करतं आणि गेल्या शंभर वर्षांत त्या तक्रारी कशा बदलत गेल्या. ऐकता ऐकता हात चालू राहू द्या, निवडायचं टिपायचं काय असेल ते करा. पण शेवटपर्यंत ऐका, कारण शेवटी आपण आपल्याच वेशीत येणार आहोत.

आधी एक साधी गोष्ट. आवाज मोजायचं माप आहे, त्याला डेसिबल म्हणतात. दुधाला लिटर तसा आवाजाला डेसिबल. पण हे माप लिटरसारखं सरळ चालत नाही. दहा लिटरचं वीस लिटर झालं की दूध दुप्पट. डेसिबलमध्ये मात्र दहाने आकडा वाढला, की आवाजाची ताकद दहा पट होते. आपण दोघी समोरासमोर बसून बोलतो तो आवाज साधारण साठ डेसिबल. डीजेच्या भिंतीसमोर शंभर डेसिबल असेल, तर साठावरून शंभर म्हणजे चार वेळा दहा पट. म्हणजे दहा हजार पट ताकद कानावर आदळते. म्हणून ‘थोडाच तर वाढवलाय’ असं म्हणणाऱ्या पोराला त्या थोड्याचा हिशेब माहीत नसतो.

आता तक्रारीकडे येऊ. आवाजाविरुद्ध शहरातल्या लोकांनी संघटितपणे उभं राहायची एक जुनी, नीट नोंदलेली गोष्ट अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरातली आहे, आणि तिची सुरुवात एका बाईने केली. ज्युलिया राईस तिचं नाव. डॉक्टरकी शिकलेली, मुलाबाळांची, पैसेवाल्या घरातली बाई. तिचं घर हडसन नदीच्या काठाला होतं. नदीत बोटी ओढणाऱ्या छोट्या आगबोटी रात्रभर भोंगे वाजवायच्या. त्यातले बरेचसे भोंगे कामाचे नव्हतेच. कुणी ओळखीच्याला हाक मारायला वाजवायचं, कुणी उगाच.

ज्युलियाबाईंनी १९०५ च्या सुमाराला काय केलं, तर नुसतं भांडण केलं नाही. कॉलेजात शिकणारी मुलं पगार देऊन नदीकाठी बसवली आणि रात्रभर भोंगे मोजायला लावले. एका रात्रीत जवळपास तीन हजार भोंगे भरले. मग नदीकाठच्या इस्पितळांत जाऊन त्यांनी डॉक्टरांचं म्हणणं गोळा केलं, की या आवाजाने रोग्यांना झोप लागत नाही. ही गोष्ट लक्षात घ्या. त्या म्हणाल्या असत्या, ‘मला झोप येत नाही’, तर लोक म्हणाले असते, श्रीमंताच्या बाईचे लाड. त्या म्हणाल्या, ‘इस्पितळातल्या आजाऱ्यांना झोप येत नाही, आणि हा घ्या आकडा.’ १९०६ मध्ये त्यांनी अनावश्यक आवाज बंद करण्यासाठी संस्था काढली, आणि १९०७ मध्ये अमेरिकेच्या संसदेने बोटींच्या विनाकारण भोंग्यांना आळा घालणारा कायदा केला. पुढे इस्पितळांच्या आजूबाजूला शांत रस्ते ठेवायची पद्धत त्या शहरात आली. आपल्याकडे दवाखान्यापाशी ‘शांतता क्षेत्र’ अशी पाटी दिसते ना, तिच्यामागचा विचार हाच.

त्यानंतर पंचवीस वर्षांत शहर बदललं. मोटारी आल्या, ट्रक आले, रेडिओ आले. १९२९ मध्ये न्यूयॉर्क शहराने एक समितीच नेमली, आणि वर्तमानपत्रांतून लोकांना विचारलं, की तुम्हाला कोणत्या आवाजाचा त्रास होतो ते लिहून कळवा. अकरा हजारांवर उत्तरं आली. सगळ्यात वर होती वाहनं. ट्रक, मोटारींचे भोंगे, उंच पुलांवरून धावणाऱ्या आगगाड्या. आणि त्यांच्यासोबत एक नवी तक्रार, दुकानांतल्या आणि घरांतल्या रेडिओची.

म्हणजे पहिला बदल कळला का? पूर्वी तक्रार होती कामाच्या आवाजाची. यंत्र चालतं, बोट चालते, तिच्या आवाजाची. मग आली करमणुकीच्या आवाजाची तक्रार. आजच्या न्यूयॉर्कात २००३ पासून तक्रारींसाठी तीन आकड्यांचा एक फोन नंबर आहे, ३११. रस्त्यातला खड्डा असो की गळका नळ, सगळ्याला एकच नंबर. तिथे वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त येणाऱ्या तक्रारींमध्ये गोंगाटाची तक्रार असते, आणि तिचा मोठा भाग असतो शेजारच्या घरातल्या गाण्यांचा आणि मेजवान्यांचा. कारखान्याचा नाही, शेजाऱ्याचा. कोरोनाच्या वर्षी सगळे घरात कोंडले गेले, तेव्हा तर या तक्रारी आणखी वाढल्या. २०२० च्या जून महिन्यात रात्रीबेरात्री फटाके उडवण्याच्या तक्रारींचा पाऊस पडला.

त्याच शहरातली आणखी एक गोष्ट सांगते. ती ऐकून मला वाटलं, ही प्रत्येक अंगणवाडीत सांगायला हवी. १९७० नंतरची गोष्ट. एका शाळेच्या एका बाजूने, उंचावरच्या रुळांवरून आगगाडी जायची. दर साडेचार मिनिटांनी एक गाडी. गाडी आली की बाईंनी शिकवणं थांबवायचं, गाडी गेली की पुन्हा सुरू. त्या शाळेतल्या एका मुलाची आई स्वतः कॉलेजात शिकत होती. तिने आपल्या प्राध्यापक बाईंना हे सांगितलं. त्या बाई म्हणजे आर्लिन ब्रॉन्झाफ्ट, मानसशास्त्र शिकवायच्या. त्यांनी शाळेत जाऊन मुलांच्या वाचनाचे गुण तपासले. एकच शाळा, पण रुळांच्या बाजूच्या वर्गांतली मुलं आणि पलीकडच्या शांत बाजूची मुलं यांच्यात फरक निघाला. सहावीपर्यंत गोंगाटातली मुलं वाचनात जवळपास वर्षभर मागे पडली होती. १९७५ मध्ये हा अभ्यास छापून आला. मग रुळांखाली रबराच्या गाद्या बसवल्या, वर्गांच्या छताला आवाज शोषणारं अस्तर लावलं. काही वर्षांनी पुन्हा तपासलं, तर दोन्ही बाजूंची मुलं सारखी वाचत होती.

मुलं मठ्ठ नव्हती, मैत्रिणींनो. त्यांना ऐकूच येत नव्हतं. आणि हे उजेडात आलं एका आईच्या बोलण्यामुळे.

आता आपल्या मुंबई-पुण्याकडे येऊ. आपल्या देशात आवाजाचे नियम आले २००० साली. राहत्या वस्तीत दिवसा सरासरी ५५ डेसिबल आणि रात्री ४५, बाजारपेठेत ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. या वेळात उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला बंदी. दिवसा लावायचा तरी लेखी परवानगी पाहिजे. सणासुदीला सरकार रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण वर्षातून सगळे मिळून पंधरा दिवसच, आणि ते दिवस आधी जाहीर करावे लागतात.

कागदावर नियम आले, पण आवाज मोजायचा कुणी? मुंबईत हे काम काही नागरिकांनी अंगावर घेतलं. डॉ. यशवंत ओक यांच्यासारखे डॉक्टर आणि सुमैरा अब्दुलअली यांच्यासारख्या कार्यकर्त्या २००३ मध्ये उच्च न्यायालयात गेले. सुमैराताई हातात आवाज मोजायचं यंत्र घेऊन गणपतीत, दिवाळीत, वेगवेगळ्या मिरवणुकांत फिरत राहिल्या आणि दरवर्षी आकडे सरकारपुढे ठेवत राहिल्या. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर आवाज मोजतात. कोरोनानंतर मिरवणुका पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षी तिथली सरासरी शंभर डेसिबलच्या वर भरली होती. सरासरी बरं का, एखाद्या क्षणाची नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही २०११ पासून मुंबईसह सात मोठ्या शहरांत आवाज मोजणारी यंत्रं कायमची बसवली.

हा झाला दुसरा बदल. तक्रार आता नुसती ‘लई त्रास होतो’ अशी राहिली नाही. तिच्यामागे आकडा आला, वेळ आली, जागा आली. आणि तक्रारीचे विषयही वाढले. पूर्वी सणाच्या दहा दिवसांत ओरड व्हायची. आता वर्षभराच्या तक्रारी येतात. रात्री चालणारं बांधकाम, काँक्रीट ओतायच्या गाड्या, शेजारच्या फ्लॅटमधलं फरशी फोडणं, आणि गाड्यांचे हॉर्न. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी २०२० मध्ये एक गंमतीचा प्रयोग केला होता. काही सिग्नलना आवाज मोजायचं यंत्र जोडलं. लाल दिवा असताना लोकांनी हॉर्न वाजवून ८५ डेसिबलच्या वर आवाज नेला, की दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. वाजवा आणखी, थांबा आणखी! देशभर लोकांनी तो व्हिडिओ बघितला. विनाकारण हॉर्न वाजवल्याचा दंडही आता पहिल्या वेळी हजार रुपये आणि पुढच्या वेळी दोन हजार आहे.

तिसरा बदल मला सगळ्यात मोलाचा वाटतो. तो आहे तक्रार करणाऱ्याच्या नावाचा. शहरातही माणूस तक्रार करायला का घाबरतो? कारण मंडळ गल्लीतलंच असतं. पोलीस येऊन जातात, पण आपल्याला तिथेच राहायचं असतं. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये मोठा निकाल दिला. लाऊडस्पीकर हा कुठल्याच धर्माचा आवश्यक भाग नाही असं सांगितलं, आणि लोकांना सहज तक्रार करता येईल अशी व्यवस्था करा असं सरकारला बजावलं. पुढे जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या रहिवाशांच्या याचिकेवर याच न्यायालयाने पोलिसांना स्पष्ट सांगितलं, की तक्रार आली तर तक्रार करणाऱ्याची ओळख विचारत न बसता, ती उघड न करता कारवाई करा. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला नाव कळता कामा नये.

बघा, न्यायालयाला हे का सांगावं लागलं? कारण नाव फुटतं, आणि नाव फुटलं की पुढची तक्रार येत नाही.

आणि इथेच आजच्या विषयाचा गाभा आहे. कुठल्या भागातून तक्रारी जास्त आणि कुठून कमी, हे बघून काही जण म्हणतात, जिथून जास्त तक्रारी तिथे जास्त गोंगाट. तसं नसतं. तक्रार करायला फोन लागतो, वेळ लागतो, नियम माहीत असावा लागतो, आणि आपलं कुणीतरी ऐकेल असा भरवसा लागतो. मोठ्या सोसायटीतला माणूस रात्री सव्वादहाला फोन लावतो. रेल्वेरुळाला लागून झोपडीत राहणारी बाई लावत नाही. तिला आवाज कमी आहे का? उलट जास्त आहे. तिने तक्रारीचा विचारच सोडून दिलेला असतो. म्हणून तक्रारींचा आकडा वाढला म्हणजे गोंगाटच वाढला असं नाही, कदाचित लोकांची हिंमत वाढली असेल. आणि तक्रार शून्य म्हणजे शांतता असंही नाही.

मग आता आपल्या वेशीत या. आपल्या गावातून आवाजाच्या किती तक्रारी जातात? जवळपास नाहीच. म्हणजे आपल्याकडे गोंगाट नाही?

हळदीच्या रात्री डीजे किती वाजेपर्यंत चालतो? वरातीत डॉल्बीची गाडी घरासमोर थांबली, की मांडणीवरची भांडी हलतात की नाही? उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रात्री दोन वाजता गाणी लावून गावातून जातो, तेव्हा पाळण्यातलं पोर दचकतं की नाही? जत्रा, जयंती, वाढदिवस, निवडणुकीचा गुलाल, सगळ्याला आता तीच स्पीकरची भिंत. दावणीची जनावरं बुजतात, हिसके मारतात. म्हातारी माणसं छातीवर हात धरून बसतात. दहावीची पोरगी पुस्तक मिटून ठेवते. आणि बाळंतीण? ती तर कुणाच्या हिशेबातच नसते.

आपली हलगी, लेझीम, ढोल, सनई पूर्वी नव्हती का? होती, आणि ती राहायलाच पाहिजे. हलगीवाला दमला की थांबतो. भजनी मंडळ चहाला थांबतं. यंत्र दमत नाही, हा फरक आहे.

शरीराचं काय होतं तेही ऐका. आपल्या कानाच्या आत, शंखासारख्या एका भागात, अगदी बारीक केसांसारख्या पेशी असतात. आवाज ओळखायचं काम त्यांचं. प्रचंड आवाजाने त्या मोडतात, आणि एकदा मोडल्या की पुन्हा उगवत नाहीत. शेतातलं पीक गेलं तर पुढच्या हंगामाला येईल, हे येत नाही. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबल आवाज असेल तर आठ तासांपर्यंत चालेल असं तज्ज्ञ धरतात, आणि दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मी होते. असं करत शंभर डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटं. आपली पोरं त्या भिंतीसमोर तीन-तीन तास नाचतात. दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजल्यासारखं होतं, कान दडे बसल्यासारखे होतात. ती कानाने दिलेली सूचना असते. दोन दिवसांत गेलं नाही, तर पोराला जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. आणि कान सोडून बाकीच्या शरीराचंही ऐका. रोज रात्री झोप मोडली की रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे, मन घट्ट करून ऐका. २००५ च्या जुलै महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने आवाजाबद्दल जो निकाल दिला, तो खटला कशावरून उभा राहिला माहीत आहे? १९९८ च्या जानेवारीत वर्तमानपत्रात बातमी आली होती. तेरा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला. ती मदतीसाठी ओरडत होती, पण आसपास लाऊडस्पीकरवर गाणी इतकी मोठी चालू होती, की तिचा आवाज कुणाला ऐकूच गेला नाही. त्याच संध्याकाळी तिने स्वतःला पेटवून घेतलं, ती गेली. ही बातमी वाचून एक अभियंता न्यायालयात गेला. न्यायालयाने सांगितलं, बोलायचा हक्क सगळ्यांना आहे, पण दुसऱ्याच्या कानावर बळजबरी करायचा हक्क कुणालाच नाही. शांतपणे जगणं हा जगण्याच्याच हक्काचा भाग आहे.

म्हणून ‘एका रात्रीचा तर प्रश्न आहे’ असं कुणी म्हणालं, की मला ती पोर आठवते. गोंगाटात सगळ्यात आधी बुडते ती मदतीची हाक, आणि ती बऱ्याचदा बाईची असते.

मग करायचं काय? शहरातल्या लोकांकडून काय घ्यायचं आणि काय नाही, ते बघू.

पहिलं, नोंद. ज्युलियाबाईंनी भोंगे मोजले, आपण वेळ लिहू. गटाच्या वहीत शेवटचं एक पान ठेवा. तारीख, कुठे, काय वाजत होतं, किती वाजता सुरू झालं, किती वाजता बंद झालं, कुणाला त्रास झाला. नावानिशी भांडण नको, नुसती नोंद. तीन महिन्यांची नोंद झाली, की ग्रामपंचायतीत तुमचं बोलणं वेगळं पडतं. मोबाईलवर आवाज मोजायचं अ‍ॅप मिळतं. ते पोलिसांच्या यंत्राइतकं अचूक नसतं, पण गावात समजावून सांगायला उपयोगी पडतं.

दुसरं, नियमाचा एक धागा पक्का लक्षात ठेवा. दिवसाच्या आवाजाबद्दल तक्रार करायची, तर मर्यादेपेक्षा दहा डेसिबल किंवा त्याहून जास्त आवाज असावा लागतो. पण रात्री दहानंतरच्या बंदीचा भंग झाला, तर एवढंच कारण तक्रारीला पुरतं. तिथे आकडा लागत नाही, घड्याळ पुरतं.

तिसरं, फोन. ११२ हा नंबर तुम्हाला पाठ आहेच. फोनवर तीन गोष्टी सांगा. गाव आणि ठिकाण, काय वाजतंय, किती वेळापासून वाजतंय. आणि चौथी, माझं नाव कुणाला कळता कामा नये. हे सांगायला लाजू नका, ती तुमची मेहेरबानीची मागणी नाही, न्यायालयाने सांगितलेली गोष्ट आहे. तरीही भीती वाटत असेल, तर गटातून ठरवा. एकीने एकटीने फोन करण्याऐवजी वेगवेगळ्या आळीतल्या पाच जणींनी पाच फोन करायचे. मग नाव कुणाचं आणि राग कुणाचा?

पण मैत्रिणींनो, एक फरक आपल्याला मान्य करावा लागेल. शहरात शेजाऱ्याचं नाव माहीत नसतं, म्हणून तिथे तक्रार हा पहिला उपाय असतो. गावात डीजेवाला पोरगा आपल्याच भावकीतला असतो. त्याने कर्ज काढून ती गाडी घेतलेली असते, हप्ता भरायचा असतो. वरमाय आपलीच मावसबहीण असते. अशा ठिकाणी पहिला उपाय आधीचं बोलणं, आणि फोन शेवटचा. लग्न ठरलं की सुपारी द्यायच्या वेळीच सांगायचं, दहाला बंद, आणि दवाखाना, शाळा, बाळंतिणीचं घर आलं की गाडी गप्प पुढे जाणार. सुपारीच्या वेळी मान्य झालेली अट वरातीत घातलेल्या वादापेक्षा केव्हाही चांगली. डीजेवाल्यालाही हे बरं पडतं. पोलिसांनी साहित्य जप्त केलं, तर सगळ्यात मोठं नुकसान त्याचंच असतं, लग्नघराचं नसतं.

आणि एकट्या-दुकट्या घराने अट घातली, तर ती टिकत नाही. ती गावाची झाली पाहिजे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, हे आपल्या राज्याच्या कायद्यातच आहे. ती कागदावर उरकू देऊ नका. तिथे हा विषय घ्या, ठराव करा, मग ग्रामसभेत न्या.

असं होत नाही म्हणाल, तर सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव बघा. तिथे प्रश्न वेगळा होता. मुलं मोबाईलला आणि घरं टीव्हीला चिकटली होती. २०२२ च्या ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी तिथे महिलांची सभा झाली आणि ठरलं, की रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजेल. भोंगा झाला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलांनी अभ्यासाला बसायचं, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं. आशाताई, अंगणवाडीताई, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक सुरुवातीला घरोघर फिरले. कुणी हसलंही असेल, पण गावाने ते पाळलं. दंड नाही, पोलीस नाही. बायकांनी सभेत ठरवलं आणि गावाने ऐकलं. जे गाव संध्याकाळचे दीड तास टीव्ही बंद ठेवू शकतं, त्याच्यासारखं दुसरं गाव रात्री दहाला स्पीकर का बंद करू शकणार नाही?

हे बोलणाऱ्या बाईला काय ऐकावं लागतं, ते मला माहीत आहे. ‘हिलाच बरी झोप येत नाही.’ ‘आमच्याच सणाला का?’ ‘पोरांनी वर्षातून एकदा नाचू नये का?’ पहिल्याला उत्तर वहीतल्या नोंदीत आहे, झोप एकीची मोडत नाही. दुसऱ्याला उत्तर असं, की नियम सगळ्यांना सारखा लावा. एका समाजाची मिरवणूक बघून तक्रार करायची आणि दुसऱ्याची बघून गप्प बसायचं, असं केलं तर तुमची वही खोटी ठरते. जो जाणूनबुजून असं करायला लावेल त्याच्यापासून लांब राहा. आणि तिसऱ्याला उत्तर, नाचा की! हलगी लावा, लेझीम खेळा, आम्हीही येतो नाचायला. फक्त तुमचे कान म्हातारपणापर्यंत टिकू द्या, आणि पाळण्यातल्याचे सुरू तरी होऊ द्या.

शहरातल्या माणसांनी शंभर वर्षांत एवढंच शिकलं, की सहन केलेला गोंगाट कुणाच्याच नोंदीत नसतो. तो बोलला, मोजला, लिहिला, की त्याचं काहीतरी होतं. येत्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले, की एक प्रश्न प्रत्येकीला विचारा. गेल्या वर्षभरात गोंगाटामुळे तुझ्या घरात कुणाची झोप, अभ्यास किंवा तब्येत बिघडली का? नुसतं हो किंवा नाही. किती जणींनी हात वर केला तो आकडा वहीत लिहा. तुमच्या गावाची आवाजाबद्दलची पहिली नोंद तीच.